बालकल्याण संस्थेतील क्षेत्रकार्य: पुण्यातील समाजकार्याच्या विद्यार्थ्यांसाठी निवडीपासून निरोपापर्यंत

पुण्यात एम.एस.डब्ल्यू.ला, म्हणजे समाजकार्याच्या पदव्युत्तर अभ्यासक्रमाला, प्रवेश घेतलेल्या विद्यार्थ्याचे आठवड्यातले दोन दिवस, म्हणजे साधारण पंधरा तास, क्षेत्रकार्यात, म्हणजे एखाद्या संस्थेत प्रत्यक्ष काम करून शिकण्यात, जातात. परीक्षा, दिवाळीची सुट्टी आणि गणेशोत्सवात बंद राहणारे रस्ते वजा केले, तर एका सत्रात प्रत्यक्ष संस्थेत घालवायला पंचवीस-तीस दिवस उरतात. इतर ठिकाणी हा अवधी अपुरा पडला तर विद्यार्थ्याचे शिकणे अर्धवट राहते. बालकल्याण संस्थेत त्याची झळ मुलाला लागते, कारण जवळची माणसे निघून जाण्याचा अनुभव त्याने आधीच घेतलेला असतो आणि विद्यार्थी हा जाणारच असलेला माणूस असतो. पुढील सर्व सूचना या एका गोष्टीवर उभ्या आहेत: आपल्या जाण्याची तारीख पहिल्याच दिवशी ठाऊक असते, तेव्हा कामाची आखणी त्या तारखेपासून मागे मोजत करावी, आणि आपण गेल्यावर मुलाच्या फाइलमध्ये व घरात काय टिकून राहील, हे ठरवूनच एखाद्या प्रकरणाला हात घालावा.

संस्था कोणत्या प्रकारची आहे, हे आधी समजून घ्यावे

‘मला मुलांबरोबर काम करायचे आहे’ एवढे सांगून संस्था मागणारे विद्यार्थी पुष्कळ असतात. पण बालकल्याण या एका नावाखाली अगदी वेगवेगळी कामे चालतात. बाल न्याय (मुलांची काळजी व संरक्षण) अधिनियम, २०१५ हा त्या सर्वांचा पाया आहे. या कायद्याने मुलांचे दोन गट केले आहेत. काळजी व संरक्षणाची गरज असलेली बालके बाल कल्याण समितीपुढे येतात, तर विधिसंघर्षग्रस्त, म्हणजे अपराध केल्याचा आरोप असलेली, बालके बाल न्याय मंडळापुढे. समितीत एक अध्यक्ष व चार सदस्य असतात, त्यांत किमान एक महिला असावी लागते, आणि समितीला प्रथम वर्ग न्यायदंडाधिकाऱ्याचे अधिकार असतात. समितीपुढे बसून काम पाहण्याची परवानगी मिळाली, तर आपण एका न्यायपीठासमोर बसलो आहोत याचे भान ठेवावे, कारण तेथे मध्येच प्रश्न विचारण्याची मुभा नसते.

समितीच्या आदेशाने मूल ज्या ठिकाणी राहते ते बालगृह. रस्त्यावरच्या मुलांना अल्पकाळ आसरा देणारे ते खुले निवारागृह. आणि अनाथ, सोडून दिलेल्या किंवा पालकांनी कायदेशीररीत्या समर्पित केलेल्या बालकांना सांभाळून त्यांच्या दत्तकविधानाची प्रक्रिया करणारी ती विशेष दत्तक संस्था. ससून रुग्णालयाच्या आवारातील सोफोश या संस्थेचे श्रीवत्स आणि भारतीय समाज सेवा केंद्र ही दत्तकक्षेत्रातील पुण्याची परिचित नावे आहेत. विधिसंघर्षग्रस्त बालकांना चौकशीच्या काळात ठेवणारे निरीक्षणगृह येरवड्याला आहे. या सर्वांच्या वर जिल्हा पातळीवर जिल्हा महिला व बाल विकास अधिकारी आणि जिल्हा बाल संरक्षण कक्ष काम करतात, आणि राज्याचे महिला व बालविकास आयुक्तालय पुण्यातच असल्यामुळे येथील विद्यार्थ्याला शासननिर्णय कागदावर कसा उमटतो व जमिनीवर कसा उतरतो, हे दोन्ही एकाच शहरात पाहता येते. याशिवाय वस्त्यांत, बांधकामांवर आणि बुधवार पेठेसारख्या भागांत मुलांसाठी काम करणाऱ्या स्वयंसेवी संस्था आहेत. तेथे मूल घरीच राहते आणि कार्यकर्ता त्याच्यापर्यंत जातो.

पहिल्या वर्षी दत्तक संस्थेचे आकर्षण सर्वाधिक असते, आणि माझ्या मते पहिल्या वर्षाला तीच सर्वांत कमी उपयोगाची ठरते. तान्ह्या बाळांशी संवादाचे कौशल्य शिकता येत नाही, आणि दत्तक घेऊ इच्छिणाऱ्या पालकांचे समुपदेशन नवख्या विद्यार्थ्याकडे कोणतीही जबाबदार संस्था सोपवत नाही. त्यामुळे दिवस बाळांना खेळवण्यात जातात. पहिले वर्ष वस्तीत काम करणाऱ्या संस्थेत आणि दुसरे वर्ष बालगृहात, जिल्हा बाल संरक्षण कक्षात किंवा दत्तक संस्थेत, हा क्रम अधिक लाभाचा आहे. वस्तीतले घर आधी पाहिलेले असले, म्हणजे बालगृहातले मूल कोठून आले असेल याची कल्पना करावी लागत नाही.

संस्था निश्चित करताना

संस्था बहुधा महाविद्यालयच देते आणि पत्रव्यवहारही तेच करते. कर्वे समाज सेवा संस्थेसारख्या १९६३ पासून चालत आलेल्या महाविद्यालयाचे अनेक संस्थांशी जुने संबंध असतात, त्यामुळे स्वतःहून संस्था शोधण्याची वेळ सहसा येत नाही. तरीही काही गोष्टींची खात्री विद्यार्थ्याने स्वतः करून घ्यावी. बाल न्याय अधिनियमाच्या कलम ४१ नुसार मुलांना ठेवून घेणाऱ्या संस्थेची नोंदणी सक्तीची आहे. ती आहे का? संस्थेत समाजकार्याचे शिक्षण घेतलेली, आठवड्याला तासभर तरी आपल्याला देऊ शकेल अशी व्यक्ती आहे का? संस्थेचे लेखी बालसंरक्षण धोरण आहे का? यांपैकी दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर नकारार्थी असेल, तर संस्था कितीही नावाजलेली असली तरी महाविद्यालयाकडे बदल मागावा. मार्गदर्शकाविना विद्यार्थ्याची गणना हळूहळू शिकवणी घेणाऱ्यांत, कार्यक्रमाला खुर्च्या लावणाऱ्यांत आणि देणगीदारांना परिसर दाखवणाऱ्यांत होऊ लागते, आणि सत्र संपेपर्यंत हे कोणाच्या लक्षातही येत नाही.

महाविद्यालयाचे पत्र, ओळखपत्र, छायाचित्रे आणि आधारची प्रत बरोबर ठेवावी. अनेक संस्था पोलिसांचे चारित्र्य पडताळणी प्रमाणपत्र आणि गोपनीयतेचे लेखी हमीपत्र मागतात. मागणाऱ्या संस्थेबद्दल नाराजी धरू नये, ती मुलांची काळजी घेते आहे एवढाच त्याचा अर्थ. पडताळणीला वेळ लागतो, म्हणून संस्थेचे नाव कळताच अर्ज करावा.

कायद्याचे किमान वाचन

संपूर्ण अधिनियम पाठ करण्याची गरज नाही. पण पहिल्या दिवसापूर्वी काही कलमे मूळ मजकुरातून, शक्यतो मराठीत व इंग्रजीत दोन्हीकडे, वाचलेली असावीत. कलम २ (१४) मध्ये काळजी व संरक्षणाची गरज कोणत्या मुलाला आहे याची व्याख्या येते. कलम ३ मध्ये तत्त्वे येतात. मुलाला संस्थेत ठेवणे हा अखेरचा उपाय असावा, हे त्यांपैकी एक तत्त्व असून उरलेले सगळे काम त्याच्याभोवती फिरते.

प्रक्रिया समजण्यासाठी एका कल्पित मुलाचा मार्ग पाहू. बारा-तेरा वर्षांचा एक मुलगा पुणे स्टेशनवर एकटा आढळतो. कोणी १०९८ या मुलांसाठीच्या मदतवाहिनीवर कळवते. ही सेवा १९९६ साली मुंबईत टाटा समाजविज्ञान संस्थेचा क्षेत्रीय प्रकल्प म्हणून सुरू झाली, हे समाजकार्याच्या विद्यार्थ्याने अभिमानाने लक्षात ठेवावे. आता ती शासनामार्फत चालते आणि ११२ या आपत्कालीन क्रमांकाशी जोडलेली आहे. कलम ३१ नुसार प्रवासाचा वेळ वगळून चोवीस तासांच्या आत त्या मुलाला बाल कल्याण समितीपुढे हजर करावे लागते. समिती त्याला तात्पुरते बालगृहात पाठवते आणि सामाजिक चौकशीचा आदेश देते. कलम ३६ नुसार ही चौकशी पंधरा दिवसांत पूर्ण व्हावी आणि पहिल्या हजेरीपासून चार महिन्यांच्या आत समितीने अंतिम आदेश द्यावा, अशी अपेक्षा आहे. दत्तकासाठी मुक्त, म्हणजे कायद्याने दत्तक देण्याजोगे, घोषित करावयाच्या बालकांच्या मुदती वेगळ्या आहेत. दोन वर्षांपर्यंतच्या अनाथ किंवा सोडून दिलेल्या बालकासाठी दोन महिने आणि त्याहून मोठ्यासाठी चार महिने मिळतात. पालकांनी समर्पण केले असेल, तर त्यांना फेरविचारासाठी दोन महिने दिले जातात.

या मुदती पाहिल्या की विद्यार्थ्याची जागा कोठे आहे ते दिसते. परिविक्षा अधिकारी किंवा समाजसेवक यांच्याकडे एकाच वेळी अनेक मुलांच्या चौकश्या असतात, आणि पंधरा दिवसांत होणारी चौकशी चांगली होणे न होणे हे बरेचदा कोणी तरी घरापर्यंत जाऊन नीट लिहून आणले की नाही यावर ठरते.

मुलाने अत्याचाराबद्दल सांगितले तर

ही वेळ सत्रात एकदाही न येणे शक्य आहे; पण ती आली तर विचार करायला सवड नसते, म्हणून येथे तपशिलाने सांगतो. लैंगिक अपराधांपासून बालकांचे संरक्षण अधिनियम, २०१२, म्हणजे आपण ज्याला पॉक्सो म्हणतो, त्याच्या कलम १९ नुसार अपराध घडल्याची किंवा घडण्याची शक्यता असल्याची माहिती असलेल्या कोणत्याही व्यक्तीवर विशेष बाल पोलीस पथकाला किंवा स्थानिक पोलिसांना कळवण्याचे बंधन आहे. ‘कोणतीही व्यक्ती’ यात विद्यार्थीही आला. न कळवल्यास कलम २१ नुसार सहा महिन्यांपर्यंत कैद, दंड किंवा दोन्ही होऊ शकतात. संस्थेच्या प्रमुखाने आपल्या अखत्यारीतील व्यक्तीच्या अपराधाबाबत न कळवल्यास ही शिक्षा एका वर्षापर्यंत जाते.

मूल बोलू लागले, तर त्याला बोलू द्यावे. ‘हे मी कोणालाही सांगणार नाही’ असे वचन कधीही देऊ नये, कारण ते पाळता येणार नाही आणि मोडलेल्या वचनाचा भार पुन्हा मुलावरच पडेल. त्याऐवजी ‘तू सांगितलेस ते बरे केलेस, आता तुला मदत करू शकतील अशा ताईंना मला हे सांगावे लागेल’ एवढे म्हणावे. कोण, कुठे, किती वेळा, कसे अशी सरबत्ती करू नये. सविस्तर जबाब घेणे हे प्रशिक्षित व कायद्याने नेमलेल्या लोकांचे काम आहे आणि मुलाला तीच कथा चार-चार वेळा सांगावी लागणे हाच एक छळ असतो. मोबाइलवर ध्वनिमुद्रण किंवा चित्रण करू नये. बाजूला गेल्यावर मुलाचे शब्द जसेच्या तसे, त्याच्याच भाषेत, वेळ व जागा घालून लिहावेत. त्यात आपला निष्कर्ष मिसळू नये. त्याच दिवशी, संस्थेतून बाहेर पडण्यापूर्वी, संस्थेतील मार्गदर्शकाला सांगावे आणि नंतर महाविद्यालयातील मार्गदर्शकाला कळवावे. दोन-तीन दिवसांत पोलिसांकडे माहिती गेली की नाही, हे विचारण्याचा विद्यार्थ्याला अधिकार आहे; आणि गेली नसेल, तर महाविद्यालयाच्या मदतीने ती देण्याचे कर्तव्यही आहे.

पहिले काही आठवडे

पहिल्या आठ दिवसांच्या हजेरीत, म्हणजे साधारण महिनाभर, पाहणे आणि ऐकणे यापलीकडे फारसे काही करू नये. संस्थेची दिनचर्या, जेवणाची वेळ, शाळेत कोण जाते, कोणाला कोण भेटायला येते, रात्रपाळीला कोण असते, हे पाहावे. काळजीवाहक मावशींशी ओळख करून घ्यावी. मूल झोपेत काय बडबडते, रविवारी कोणाची वाट पाहते, कोणती भाजी पाहून रडते, हे त्यांना ठाऊक असते आणि फाइलमध्ये त्यातले काहीही नसते. विद्यार्थी थेट अधीक्षकांच्या खोलीत बसू लागला, तर या मावशी त्याच्याशी पुन्हा मोकळेपणाने बोलत नाहीत, आणि त्यांत त्यांची चूक नसते.

मुलांना ‘तू इथे का आलास?’ हा प्रश्न विचारू नये. चॉकलेटे, पेन, बांगड्या आणू नयेत. एका मुलाला दिलेली वस्तू उरलेल्या एकोणतीस मुलांना न दिलेली वस्तू असते. संस्थेत ताई-दादा म्हणायची पद्धत असेल, तर तेच संबोधन घ्यावे. स्वतःची भाषा मात्र बदलू नये. पुण्यातील महाविद्यालयांत बीड, लातूर, धाराशिव, नांदेडहून आलेले पुष्कळ विद्यार्थी असतात आणि आपल्या बोलीचा त्यांना उगाच संकोच वाटतो. पुण्याच्या वस्त्यांतील कितीतरी कुटुंबे त्याच भागांतून आलेली असतात, आणि ‘कुठल्या गावचे?’ या प्रश्नाला मिळणारे खरे उत्तर कित्येकदा घराचे दार उघडून देते.

पहिल्याच भेटीत मुलांना आपले नाव, महाविद्यालय, येण्याचे दोन वार आणि आपण कोणत्या महिन्यापर्यंत येणार आहोत, हे स्पष्ट सांगावे. लहान मुलांसाठी भिंतीवरच्या कालनिर्णयवर खूण करून दाखवावी.

प्रकरणे घेताना

व्यक्तिसहाय्य कार्यासाठी, म्हणजे एकेका मुलाबरोबर स्वतंत्रपणे करायच्या कामासाठी, दोन, फार तर तीन मुले घ्यावीत. महाविद्यालयाने पाच प्रकरणे मागितली असतील, तर उरलेली पालकांबरोबरच्या, शाळा-प्रवेशाच्या किंवा कागदपत्रांच्या मर्यादित कामाची असावीत. मूल निवडताना सर्वांत गोड, सर्वांत बोलके किंवा सर्वांत दुःखी मूल आपल्याकडे खेचून घेण्याचा मोह होतो. त्याऐवजी मार्गदर्शकाला विचारावे की कोणत्या मुलाच्या फाइलमध्ये काम अडले आहे आणि ते चार महिन्यांत पुढे सरकण्याजोगे आहे. एखाद्याचा जन्मदाखला नाही, एखादीची मावशी हडपसरला राहते असे ती सांगते पण कोणी शोध घेतलेला नाही, एखाद्याचे शाळेत नाव आहे पण तो आठवीत बसून अक्षरे ओळखत नाही: अशी कामे विद्यार्थ्याच्या मुदतीत मावतात. शिक्षणहक्क कायदा, २००९ नुसार सहा ते चौदा वयोगटातील मुलाला वयानुरूप वर्गात प्रवेश मिळतो, आणि दाखल्याअभावी तो नाकारता येत नाही. हे मुख्याध्यापकांना नम्रपणे, कायद्याचा मजकूर हाती ठेवून सांगणे हे पहिल्या सत्रातील विद्यार्थ्यालाही जमते.

गटकार्यासाठी आठ-दहा मुलांचा एकच गट, ठरलेली आठ-दहा सत्रे आणि शाळा सुटल्यानंतरची ठरलेली वेळ पुरेशी असते. विषयांबाबत फार महत्त्वाकांक्षा बाळगू नये. रागाचे व्यवस्थापन वगैरे मोठी शीर्षके अहवालात शोभतात. मुलांना एकत्र ठरवलेले नियम पाळून एक भित्तिपत्रक पूर्ण करता आले, तरी गटाने बरेच काही शिकलेले असते.

गृहभेट

बालकल्याणाच्या क्षेत्रकार्याचा गाभा गृहभेट हा आहे. पहिल्या काही भेटींना संस्थेतील कार्यकर्त्याबरोबरच जावे आणि एकट्याने जाण्याची परवानगी लेखी मिळाल्याशिवाय जाऊ नये. संस्थेचे पत्र व ओळखपत्र पिशवीत असावे, गळ्यात नसावे. वस्तीत पत्ता विचारताना बालगृहाचे, समितीचे किंवा पोलिसांचे नाव घेऊ नये. ‘अमुक ताईंकडे कामासाठी आलो आहे’ एवढे पुरते. गल्लीतल्या चार जणांना कुटुंबाची अडचण कळली, तर मूल घरी परतल्यावर त्याला ज्या नजरांना तोंड द्यावे लागेल त्या आपणच निर्माण केलेल्या असतील.

वेळ हा या कामातला सर्वांत दुर्लक्षित भाग आहे. विद्यार्थी महाविद्यालयाच्या सोयीने सकाळी अकराला जातो, घराला कुलूप पाहतो आणि ‘पालक सहकार्य करत नाहीत’ अशी नोंद करतो. घरकाम करणाऱ्या बायका दुपारी दोन-तीनच्या पुढे घरी सापडतात; कचरा वेचणाऱ्या बायका वर्गवारी आटोपून परततात त्यालाही दुपार होते; बांधकाम मजूर संध्याकाळशिवाय भेटत नाहीत, आणि वाघोली-हिंजवडीकडच्या बांधकामांवरील कुटुंब महिन्याभरात दुसऱ्या साइटवर गेलेलेही असू शकते, म्हणून मुकादमाचा क्रमांक पहिल्याच भेटीत घ्यावा. नळाला पाणी येण्याच्या वेळी कोणाच्याही दारात जाऊ नये. जनता वसाहतीसारख्या चढावरच्या वस्तीत हंडे भरण्याच्या धांदलीत कोणाला मुलाच्या भवितव्यावर बोलायला सवड नसते, आणि त्या वेळी मिळालेली तुटक उत्तरे उदासीनता म्हणून नोंदवणे हा अन्याय आहे.

घरात गेल्यावर बसायला सांगतील तेथे बसावे, चहा दिला तर घ्यावा. वही लगेच उघडू नये. बोलण्याची सुरुवात मुलाच्या चुकांपासून न करता त्याच्या खुशालीपासून करावी. आई-बापांना सर्वांत आधी मूल जेवतेय का, आजारी तर नाही ना, हे ऐकायचे असते. मग घरात कोण कोण राहते, कमावते कोण, मूल घरातून गेले त्याआधीचे काही दिवस कसे होते, नातेवाईकांत मुलाचा ओढा कोणाकडे आहे, यापूर्वी संकट आले तेव्हा कोण धावून आले, हे हळूहळू विचारावे. शेवटचा प्रश्न फार मोलाचा असतो, कारण त्यातून एखादी आजी, एखादा मामा, एखादी शेजारीण पुढे येते आणि मुलाच्या परतण्याची वाट तेथून निघते. रेशनकार्ड, आधार, शाळेचा दाखला आहेत की नाहीत ते पाहावे. त्यांचे फोटो परवानगीशिवाय काढू नयेत.

भेटीनंतरच्या लेखनात निरीक्षण आणि निष्कर्ष यांची सरमिसळ होते, आणि ती महागात पडते. ‘आई मुलाकडे दुर्लक्ष करते’ हे वाक्य समितीपुढे गेले, तर ते मुलाचा घराशी संबंध वर्षभरासाठी तोडू शकते. त्याच घराबद्दल असेही लिहिता येते: ‘आई सकाळी सहाला चार घरची कामे करण्यासाठी निघते व दुपारी तीनला परतते, या वेळेत मुलगा शेजारच्या आजींकडे असतो, असे आई व आजी या दोघींनी स्वतंत्रपणे सांगितले, आजींना डोळ्यांनी कमी दिसते.’ दुसऱ्या नोंदीत अडचण लपवलेली नाही, पण वाचणाऱ्याला पाळणाघराचा, दुपारच्या अभ्यासवर्गाचा किंवा आर्थिक साहाय्याचा विचार सुचतो. गरिबी म्हणजे दुर्लक्ष नव्हे, हे वर्गात सर्वांनाच पटते. ते वाक्यरचनेत उतरवायला सराव लागतो.

सामाजिक चौकशी अहवालासाठी केंद्र सरकारच्या २०१६ च्या आदर्श नियमांत नमुना २२ आणि प्रत्येक मुलाच्या वैयक्तिक काळजी आराखड्यासाठी नमुना ७ दिलेला आहे. महाराष्ट्राचे स्वतःचे नियम २०१८ चे आहेत, तेव्हा आपल्या संस्थेत प्रत्यक्ष कोणता नमुना वापरला जातो ते पाहून घ्यावे. विद्यार्थ्याने मसुदा करावा, त्यावर सही मात्र अधिकृत व्यक्तीचीच असावी. शिफारशीच्या रकान्यात ‘मुलास संस्थेत ठेवावे’ असे लिहिण्यापूर्वी घरी राहून काय शक्य आहे याची चाचपणी झालेली असली पाहिजे. केंद्राच्या मिशन वात्सल्य योजनेत प्रायोजकत्वापोटी, म्हणजे मूल कुटुंबातच राहावे म्हणून दिल्या जाणाऱ्या मदतीपोटी, मुलामागे दरमहा ४,००० रुपये मिळू शकतात. त्यासाठी कुटुंबाच्या वार्षिक उत्पन्नाची मर्यादा ग्रामीण भागात ७२,००० आणि इतरत्र ९६,००० रुपये आहे. अशाच मदतीसाठी राज्याची क्रांतिज्योती सावित्रीबाई फुले बालसंगोपन योजनाही आहे. अर्ज जिल्हा महिला व बाल विकास कार्यालयाकडे जातात, आणि तहसील कार्यालयातून उत्पन्नाचा दाखला मिळवून देईपर्यंत पालकांबरोबर राहणे हे कंटाळवाणे वाटले तरी एका सत्रात करता येण्याजोगे सर्वांत भरीव काम आहे. एकट्या आईचा रोजगार या हेलपाट्यांत दोन-तीनदा बुडतो; म्हणून कागद आधी जमवून, छायाप्रती काढून, एका फेरीत काम होईल अशी तयारी विद्यार्थ्याने करावी.

नोंदी आणि गोपनीयता

प्रक्रिया-नोंद त्याच रात्री लिहावी. भेटीचा हेतू, प्रत्यक्ष संवाद, आपल्याला काय वाटले, आणि पुढच्या भेटीचा विचार, एवढे चार भाग त्यात असले की पुरे. ‘मला मुलाची दया आली’ असे प्रामाणिकपणे लिहायला हरकत नाही, पण ते आपल्या भावनेच्या रकान्यात. मुलाच्या वर्णनात नव्हे.

महाविद्यालयाच्या नोंदवहीत मुलाचे खरे नाव, शाळा, गाव, वस्ती यांपैकी काहीही जाऊ नये. मार्गदर्शकाने दिलेला सांकेतिक क्रमांक वापरावा. बाल न्याय अधिनियमाच्या कलम ७४ नुसार मुलाची ओळख उघड होईल असा मजकूर किंवा छायाचित्र प्रसिद्ध करण्यास मनाई असून, त्यासाठी सहा महिन्यांपर्यंत कैद, दोन लाख रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतात. सादरीकरणात चेहरा धूसर करून फोटो दाखवण्याची पद्धत मी कोणालाही सुचवणार नाही. गणवेश, मागची भिंत आणि सोबतचे मूल यांवरून ओळख पटतेच. वर्गाच्या व्हॉट्सॲप गटावर प्रकरणांची चर्चा नको, आणि पीएमपीच्या बसमध्ये मैत्रिणीशी तर मुळीच नको. कोथरूड डेपोकडे जाणाऱ्या बसमध्ये आपल्या मागच्या बाकावर त्या मुलाचीच आत्या बसलेली असणे, हे या शहरात अशक्य नाही.

मार्गदर्शकांशी संबंध

आठवड्याच्या वैयक्तिक चर्चेला, जिला विद्यार्थी आय.सी. म्हणतात, रिकाम्या हाताने जाऊ नये. नोंदी आदल्या दिवशी द्याव्यात आणि दोन प्रश्न लिहून न्यावेत. महाविद्यालयातील मार्गदर्शक एक सांगतात आणि संस्थेतील दुसरे, असे वारंवार घडते. अशा वेळी दोघांकडे वेगवेगळ्या तक्रारी करण्याऐवजी तिघांची एकत्र बैठक मागावी. मुलाबाबतचा निर्णय असेल तर संस्थेचे म्हणणे चालते, अध्ययनाचा प्रश्न असेल तर महाविद्यालयाचे.

संस्थेतच काही गैर दिसले तर काय करावे, हा अवघड प्रश्न आहे. मुलाला मारहाण होताना दिसली, तर ‘आपण पाहुणे आहोत’ या विचाराने गप्प राहू नये. बाल न्याय अधिनियमाच्या कलम ८२ नुसार बालसंगोपन संस्थेत शारीरिक शिक्षा हा अपराध आहे. तारीख, वेळ आणि पाहिलेली घटना लिहावी, महाविद्यालयातील मार्गदर्शकाला त्याच दिवशी भेटावे आणि महाविद्यालयामार्फत बाल कल्याण समितीकडे लेखी माहिती जाईल असे पाहावे. विद्यार्थ्याने स्वतः समाजमाध्यमांवर लिहिणे टाळावे. त्यातून मुलांची ओळख उघड होते आणि चौकशीआधीच साक्षीदार गप्प होतात. याउलट साधी गैरसोय, म्हणजे वरणात पाणी जास्त असणे किंवा अंथरुणे जुनी असणे, आधी अधीक्षकांशी बोलून सुटते का ते पाहावे. संस्थांकडे अनुदान उशिरा पोहोचते, आणि प्रत्येक उणिवेमागे दुष्टपणा नसतो.

मधल्या मूल्यमापनाबद्दल फारसे सांगण्यासारखे नाही: तासांची नोंद सहीसह पूर्ण ठेवावी, उरलेले तास शेवटच्या पंधरवड्यात ढकलू नयेत. झोप उडणे, सतत चिडचिड होणे किंवा एकाच मुलाचा विचार डोक्यात घोळत राहणे सुरू झाले, तर ते मार्गदर्शकाला सांगावे. या क्षेत्रात अनुभवी लोकांनाही तसे होते.

निरोपाची तयारी

शेवटच्या हजेरीपूर्वी महिनाभर आधी प्रत्येक मुलाला पुन्हा आठवण द्यावी. काही मुले अचानक भांडू लागतात, काही बोलणे बंद करतात, एखादे मूल आजारी पडते. हे निरोपाचेच वागणे असते, त्यामुळे जाण्याची तारीख पुढे ढकलू नये आणि ‘मी भेटायला येत जाईन’ असे म्हणू नये. या महिन्यात नवे प्रकरण घेऊ नये, नव्या नातेवाइकाचा शोध सुरू करू नये. गटकार्याचे शेवटचे सत्र मुलांनी आखावे. निरोप समारंभात भाषणे, केक, पाकिटे यांचा थाट नको. मुलांबरोबर नेहमीसारखा खेळ आणि संस्थेतल्या सर्वांबरोबर जेवण एवढे पुरे.

हस्तांतरणाची टिपणी मात्र काळजीपूर्वक लिहावी. प्रत्येक मुलासाठी एक पान पुरते: काय झाले, काय अर्धवट आहे, कोणत्या कार्यालयात कोणत्या तारखेला कोणता अर्ज दिला व त्याचा आवक क्रमांक काय, कोणत्या नातेवाइकाशी बोलणे झाले व त्याने काय सांगितले, पुढची पायरी कोणी घ्यायची. ही टिपणी संस्थेतील मार्गदर्शकासमोर बसून वाचून दाखवावी आणि मुलाच्या फाइलमध्ये लागल्याची खात्री करावी. पालकांनाही भेटून किंवा फोन करून आता त्यांनी कोणाशी संपर्क ठेवायचा ते सांगावे. नाहीतर एखाद्या मुलाची आई पुढचे सहा महिने महाविद्यालयाच्या फाटकावर तुमचे नाव विचारत राहते.

संस्थेची ओळखपत्रे, किल्ल्या, फायली परत कराव्यात. फोनमधील मुलांची छायाचित्रे, पालकांची कागदपत्रे आणि ध्वनिमुद्रणे असतील तर संस्थेकडे देऊन स्वतःकडची काढून टाकावीत. पालकांचे क्रमांकही ठेवू नयेत. पुढे महिनाभराचे सलग क्षेत्रकार्य दुसऱ्या संस्थेत असेल, तर जुन्या प्रकरणांतील उदाहरणे तेथे ओळख पटेल अशा तपशिलासह सांगू नयेत.

मोठी मुले बरेचदा इन्स्टाग्रामवर शोधून निरोप पाठवतात. उत्तर न देणे क्रूरपणाचे ठरते आणि नियमित गप्पा सुरू करणे त्याहून घातक. एकदाच, आपुलकीने, ‘तुझा निरोप वाचून बरे वाटले, तुझे सध्या कसे चालले आहे ते तिथल्या ताईंना सांग, मीही त्यांना कळवते’ असे लिहावे आणि तसे खरोखर कळवावे. निरोपात संकटाची चाहूल असेल, म्हणजे पळून जाण्याची, मारहाणीची किंवा जिवाचे बरेवाईट करण्याची भाषा असेल, तर उत्तराची वाट न पाहता संस्थेला फोन करावा; संस्था उचलत नसेल तर १०९८ वर.